सिंथेसायझर विकण्यापूर्वी

भोपाळच्या दक्षिणेस, नर्मदापुरमच्या रस्त्यावरील मिसरोदसारख्या ठिकाणी लग्नकार्यांत वाजविणाऱ्या मुलास जड सिंथेसायझर नकोसा होऊन लॅपटॉप हवासा वाटतो, यात नवल नाही. यामाहाने १९८३ साली काढलेल्या डीएक्स-७ या नामांकित वाद्याचे स्वर आज ‘डेक्स्ड’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य देते. पट्ट्यांचा हलका कीबोर्ड तेवढा जोडावा लागतो.

तथापि घरी गोड लागणारे सॉफ्टवेअर मांडवात दगा देऊ शकते. संगणक ध्वनी तुकड्यातुकड्यांनी बाहेर सोडतो. सेकंदास ४४,१०० नमुने धरल्यास २५६ नमुन्यांच्या तुकड्यास सुमारे ६ सहस्रांश सेकंद लागतात. तेवढा विलंब वादकास सहसा खटकत नाही. १,०२४ नमुन्यांस मात्र २३ लागतात, आणि स्वर ढोलकीच्या मागे रेंगाळतो. तुकडा फारच लहान केला, तर संगणकास झेपत नाही व स्वर तडकतो.

म्हणून स्वरांच्या संख्येस न भुलता, संगणकास हलके पडेल तेच सॉफ्टवेअर निवडावे. इंटरनेट बंद करून, मेच्या उकाड्यात दोन तास सलग वाजवून पाहावे. वधू मंडपात प्रवेश करीत असता स्वर तुटला, तर पुन्हा वाजविण्याची सोय नसते! निदान एक हंगाम जुने वाद्य तारा जोडून शेजारी ठेवावे.