पाचवीच्या आसपासचा पिवळेपणा

पाचवीला बाळ बघायला आलेली एखादी बाई म्हणतेच, "पोरगं पिवळं दिसायलंय गं." सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव काय किंवा वसमत काय, हिंगोली जिल्हा हळदीचा, मग कुठं कुठं बाळंतिणीच्या ताटातली हळदच बंद होते. हळदीचा इथं काडीचा संबंध नाही.

रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्या, की त्यांतल्या हिमोग्लोबिनपासून पिवळं बिलिरुबिन बनतं. 1 ग्रॅममागे सुमारे 35 मिलिग्रॅम. ते पाण्यात विरघळत नाही. यकृतानं त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडलं, की मगच ते विरघळून पित्तावाटे आतड्यात उतरतं. पोटातल्या बाळाला ही खटपट नको असते. न जोडलेलं बिलिरुबिन वारेतून आईच्या रक्तात जातं आणि तिचं यकृत ते निस्तरतं. जोडलेलं मात्र वार ओलांडू शकत नाही. म्हणून गर्भाच्या यकृतानं हे काम जवळपास बंद ठेवलेलं असतं, तेच सोयीचं.

नाळ कापली की ही सोय संपते. जोडणी करणाऱ्या विकराची ताकद तेव्हा मोठ्या माणसाच्या जेमतेम 1 टक्का असते. त्यात बाळाच्या पेशी भरपूर, आणि 120 ऐवजी 70 ते 90 दिवसच टिकणाऱ्या. आतड्यात अजून जिवाणू नसतात, त्यामुळे तिथं पोचलेलं बिलिरुबिन पुन्हा सुटं होऊन रक्तात शिरतं. पहिली काळी शी लवकर व्हायला हवी ती यासाठी, आणि ती होते चिकानं. चीक पिळून टाकून मध चाटवणाऱ्यांना हे कुणी सांगावं?

पूर्ण दिवसांच्या बाळात हा पिवळेपणा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असतो. तोवर बाळंतीण बहुधा घरी आलेली असते. आशाताईंची भेट ठरलेली तिसऱ्या आणि सातव्या दिवशी; मधले दिवस घरच्यांचेच.

इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात 1956 साली जीन वॉर्ड या परिचारिकेला उन्हात नेलेल्या बाळाचा पिवळेपणा उतरलेला दिसला. आजची निळ्या लाइटची पेटी त्यातूनच आली. त्या उजेडानं बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि ते यकृताच्या जोडणीशिवाय बाहेर पडतं. दारातलं कोवळं ऊन मात्र या पेटीची जागा घेत नाही.

बल्बखाली पिवळेपणा कळत नाही. दिवसाउजेडी बाळाच्या कपाळावर बोट दाबून सोडा आणि बघा. पहिल्या 24 तासांतच पिवळेपणा आला, तळवे पिवळे झाले, बाळ अंगावर पिईना किंवा सुस्त पडलं, तर माळ, डाग यांत वेळ न घालवता 108 ला फोन करा. सरकारी रुग्णालयात नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत.