मोटारीच्या किल्लीतील बॅटरी : बदलावी घरीच, पण जपून

रिमोटची किल्ली आता आपल्या बालाघाटातही घरोघरी दिसू लागली आहे. या किल्लीच्या पोटात नाण्याच्या आकाराची एक लिथियम बॅटरी असते व ती साधारणतः दोन-तीन वर्षांनी क्षीण होते. बटण पुनःपुन्हा दाबावे लागणे, अगदी जवळ गेल्याशिवाय दार न उघडणे, ही तिची लक्षणे होत. ती बदलण्याचे काम पाच मिनिटांचे असून घरी सहज करता येते. मात्र वैद्यकीय व्यवसायातील एक माणूस म्हणून त्यासोबत आणखी थोडे सांगणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम बॅटरीचा क्रमांक पाहावा. तो तिच्या पाठीवर कोरलेला असतो. ‘सीआर २०३२’ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाची व ३.२ मिलिमीटर जाडीची बॅटरी. ‘सीआर २०२५’ तेवढ्याच व्यासाची, पण २.५ मिलिमीटर जाड. दोन्हींचा दाब ३ व्होल्टच असला तरी एकीच्या जागी दुसरी नीट बसत नाही. म्हणून क्रमांक तोच घ्यावा.

बहुतेक किल्ल्यांत आपत्कालीन धातूची किल्ली दडवलेली असते. खटका सरकवून ती बाहेर काढावी. तेथील खाचेत चपट्या तोंडाचा पेचकस, टोकाला कापड गुंडाळून, हलकेच फिरवला की कवचाचे दोन भाग सुटतात. अधिक-चिन्हाची बाजू कोणीकडे होती हे ध्यानात ठेवून जुनी बॅटरी उचकटावी. नवी बॅटरी कोरड्या कापडाने कडेला धरून तशीच बसवावी आणि कवच ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावे.

आता मुख्य मुद्दा. काढलेली बॅटरी गाडीसाठी निकामी झालेली असली, तरी बालकासाठी ती निरुपद्रवी नसते. २० मिलिमीटरची ही चकती लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकते. तेथील ओलाव्यातून वीजप्रवाह वाहू लागतो व ऋण ध्रुवाशी तीव्र अल्कली तयार होते. बॅटरी फुटावी वा गळावी लागत नाही. अवघ्या दोन तासांत गंभीर भाजणी होऊ शकते. पुढे अन्ननलिकेला छिद्र पडणे, श्वासनलिकेशी जोडमार्ग होणे, महारोहिणीतून रक्तस्राव होणे, हे बॅटरी काढल्यानंतर काही दिवसांनीही घडते. अमेरिकेत रीस नावाच्या दीड वर्षाच्या बालिकेचा २०२० साली असाच अंत झाला आणि २०२२ साली तिच्याच नावाने तेथे सुरक्षेचा कायदा झाला.

मुलाने बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नये. लाळ गळणे, खाणे नाकारणे, खोकला ही लक्षणे असतात. कधी काहीच नसते. उलटी करवू नये. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळता येत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर दर दहा मिनिटांनी १० मिलिलिटर मध, असे सहा वेळांपर्यंत द्यावे. मधाने इजा मंदावते, टळत नाही. म्हणून तो वाटेतच द्यावा, त्यासाठी निघायला उशीर करू नये. अन्य काही खाऊ-पिऊ घालू नये.

माझ्या व्यवसायबंधूंना एवढेच स्मरण देतो : क्ष-किरण चित्रात दुहेरी कडा दिसली तर ते नाणे नव्हे, बॅटरी समजावी. एका बाजूने काढलेल्या चित्रात जी बाजू अरुंद, ती ऋण बाजू, आणि जखम तिकडे अधिक. नागपूर आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे. तेव्हा दुर्बिणीची सोय जवळात जवळ कोठे आहे व या क्षणी ती उपलब्ध आहे का, हे आधी दूरध्वनीवर विचारूनच रुग्ण पाठवावा.

वाचकहो, यापुढे बॅटरी बदलाल तेव्हा मुले आसपास नसताना बदला. जुन्या बॅटरीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ती लगेच मुलांच्या हाती न लागेल अशी ठेवा व ई-कचऱ्यात द्या. किल्लीचे कवच सैल झाले असेल तर ते बदला. आणि रडणाऱ्या मुलाला खेळणे म्हणून किल्ली कधीही देऊ नका.