रोग आणि समाज – भाग ५ : ‘वय झालं’ म्हणून राहून गेलेलं निदान

मागच्या आठवड्यात आपण सिकलसेलबद्दल बोललो. 1910 मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी या रोगाचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं आणि पुढे कित्येक वर्षं अमेरिकेत तो काळ्यांचाच रोग समजला गेला. इकडे भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात तोच दोष गोंड आणि बौद्ध घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. त्याचा माग काढत गेलं तर कातडीचा रंग नाही, मलेरिया सापडतो. एकाच जनुकाचा रोग असल्यामुळे ते निदान ठामपणे सांगता येतं. प्रोस्टेटचा कर्करोग इतका सरळ नाही.

अमेरिकेत हा कर्करोग गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय पुरुषांत सुमारे दोन-तृतीयांशाने जास्त आढळतो आणि त्याने होणाऱ्या मृत्यूंचा दर दुप्पट आहे. जनुकांचा यात वाटा आहे. आठव्या गुणसूत्रावरच्या एका पट्ट्यातले धोका वाढवणारे काही बदल आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत अधिक दिसतात, हे 2006 पासून माहीत आहे. पण माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत, जिथे दोघांना साधारण सारखेच उपचार मिळतात, तिथे निदानानंतर दगावण्याच्या प्रमाणातला फरक जवळजवळ मिटतो. जनुकं तीच राहिली, बदलली ती दवाखान्याची वाट.

चाचणीचीही गंमत पाहा. पीएसए ही रक्तचाचणी 2012 मध्ये अमेरिकी तज्ज्ञगटाने सरसकट करू नये असं सांगितलं. त्यामागच्या दोन मोठ्या अभ्यासांपैकी अमेरिकेतल्या अभ्यासात कृष्णवर्णीय शंभरात पाचही नव्हते. ज्यांना धोका सर्वांत मोठा, त्यांनाच जवळजवळ वगळून निघालेला निष्कर्ष त्यांनाही लागू झाला. 2018 मध्ये सल्ला सौम्य झाला : 55 ते 69 वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं.

आता आपल्याकडे येऊ. जागतिक अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात या कर्करोगाचे सुमारे 38 हजार नवे रुग्ण होते आणि मृत्यू 18 हजारांवर. अमेरिकेत 2024 साठीचा अंदाज होता सुमारे तीन लाख रुग्ण आणि 35 हजार मृत्यू. तिथे साडेआठ रुग्णांमागे एक मृत्यू, इथे दोनांमागे एक. अमेरिकेच्या आकड्यात पीएसएने शोधलेल्या, कधीच त्रास न देणाऱ्या गाठीही मोजल्या आहेत, म्हणून ही तुलना शब्दशः घेऊ नये. तरी एवढ्याने सगळा फरक उलगडत नाही. आपल्याकडे रोग कमी आहे हे खरं, पण जो आहे तो उशिरा हाती लागतो.

उशीर कसा होतो, ते लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातल्या कुठल्याही गावात पाहता येईल. सत्तरीचा माणूस रात्री चार-पाच वेळा उठतो. घरचे म्हणतात, वय झालं, चालायचंच. बहुतेक वेळा ते खरंही असतं, कारण उतारवयात प्रोस्टेट ही ग्रंथी साधीच वाढते. खरा कर्करोग मात्र बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो आणि सुरुवातीला लघवीला काहीच त्रास देत नाही. तो मणक्यात उतरला की कंबर दुखू लागते. तेव्हा सगळे म्हणतात, जन्मभर चिखलणी केली, धानाचे भारे वाहिले, कंबर दुखणारच. तेल लावलं जातं, गोळ्या आणल्या जातात. पाय लुळे पडायला लागले की मग गाडी नागपूरकडे निघते.

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, लाखांदूरहून आणखी लांब. तुकडा काढून तपासायला एक फेरी, अहवालाला दुसरी, हाडांच्या स्कॅनला तिसरी. ऑपरेशनला महात्मा फुले जनआरोग्य योजना असते, पण सोबत आलेल्या मुलाची बुडालेली रोजी कोण भरून देणार?

पुढचा पेच उपचाराचा. पुरुषी संप्रेरक बंद केलं की हा कर्करोग मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं. 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यासाठी दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं, नाहीतर एकदाच शस्त्रक्रिया करून अंडकोष काढायचे. परिणाम दोन्हींचा सारखा. पैसेवाला इंजेक्शन घेतो, मजूर शस्त्रक्रिया करून मोकळा होतो. वैद्यकीयदृष्ट्या त्यात चूक नाही, पण त्याला निवड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग गावोगावी पीएसएची शिबिरं घ्यावीत का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचे 23 वर्षांचे निष्कर्ष 2025 मध्ये आले. पीएसएने मृत्यू 13 टक्क्यांनी घटले, म्हणजे 456 जणांना चाचणीला बोलावलं तेव्हा एक मृत्यू टळला. रोगाचं प्रमाण इतकं कमी असलेल्या जिल्ह्यात हा लाभ आणखी आटेल. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला रक्त घ्यायचं आणि वाढलेला आकडा हातात देऊन माणसाला घरी पाठवायचं, यात भीतीपलीकडे काही वाटलं जात नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही, आणि ते योग्यच आहे. हवं ते त्रास सांगणाऱ्याकडे लक्ष. लघवी अडते, रक्त जातं, कंबरदुखी रात्रीही सोडत नाही, असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्याची डॉक्टरांनी गुदमार्गातून बोटाने तपासणी करावी आणि गरज वाटल्यास पीएसए करावी. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असला तरी हा आकडा चढतो, म्हणून तो आधी बरा करावा. वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल, तर पन्नाशीच्या आतच डॉक्टरांशी बोलावं.

एक गोष्ट अमेरिकेकडून घ्यावी अशी आहे. मृत्युदर दुप्पट आहे हे त्यांना कळलं, कारण त्यांच्या नोंदींत वंशाचा रकाना आहे. आपल्या कर्करोग नोंदणीच्या अहवालांत वय, लिंग, अवयव, प्रदेश सगळं असतं. जात आणि जमीन यांचा तक्ता नसतो. साकोलीकडचा कोहळी शेतकरी आणि वैनगंगेकाठचा ढिवर यांच्या निदानात किती महिन्यांचं अंतर पडतं, हे सांगायला लागणारा रकानाच आपण आखलेला नाही.

(पुढील आठवड्यात : खर्रा आणि तोंडाचा कर्करोग)