रोजा, पाणी आणि पोट साफ होण्याची औषधे

रमजानचे पहिले काही दिवस सरले की अनेक घरांत एक तक्रार सुरू होते, पण दस्तरखानावर ती कोणी काढत नाही. पोट साफ होत नाही. कारण साधे आहे. दिवसभर पाण्याचा घोट नाही, इफ्तारला तळलेले पदार्थ, सहरीला घाईत चहा-पाव. डाळी-भाज्या मागे पडतात. मलातले पाणी शोषणे हे मोठ्या आतड्याचे काम. शरीराला पाणी कमी पडले की मल कडक होतो.

मग दुकानातून बाटली येते. तिच्यात काय आहे, हे मात्र पाहिले जात नाही. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. त्याच तत्त्वावर काही रेचके आतड्यात पाणी आणतात किंवा धरून ठेवतात.

लॅक्ट्युलोज हे गोड पातळ औषध. ते लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते फोडतात. म्हणून पोटात वायू धरतो. गुण यायला एक-दोन दिवस लागतात. लगेच दुसरा डोस घेऊ नये. त्यात थोडी साखर असते, हे मधुमेहींनी डॉक्टरांशी बोलावे.

पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी, ही पूड. मोठ्यांसाठी साधारण १७ ग्रॅम पूड पेलाभर पाण्यात विरघळवून घेतात. सोबत प्यायलेले पाणीच ती आतड्यात धरून ठेवते. वायू कमी होतो. जुन्या बद्धकोष्ठतेवरील अभ्यासांच्या २०१० सालच्या कोक्रेन आढाव्यात ती लॅक्ट्युलोजपेक्षा सरस ठरली. गुण यायला तिलाही एक ते तीन दिवस लागतात.

मिल्क ऑफ मॅग्नेशिया अर्ध्या ते सहा तासांत काम करते. पण मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम रक्तात साठते. घरातल्या वृद्धांना ते विचारल्याशिवाय देऊ नये.

इसबगोल या गटात येत नाही. ते पाणी पिऊन फुगते. कमी पाण्यात घेतले तर उलट अडकते.

थोडक्यात, औषध कोणतेही असो, इफ्तार ते सहरी भरपूर पाणी प्यायल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

कोलोनोस्कोपीची तयारी ही वेगळी गोष्ट. तिथे आतडे पूर्ण रिकामे करायचे असते. पीईजी आणि क्षारांचे दोन ते चार लिटर द्रावण बहुधा दोन भागांत प्यावे लागते; आदल्या संध्याकाळी अर्धे, उरलेले तपासणीच्या चार ते सहा तास आधी. क्षार असल्याने शरीरातले पाणी-मीठ फारसे ढळत नाही. सोडियम फॉस्फेटचे प्रमाण कमी असते, म्हणून ते सोपे वाटते. पण त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये दिला.

ही तयारी रोज्यात बसवू नये. अर्धवट तयारीत आतडे नीट दिसत नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागते. आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कजा करण्याची मुभा आहे. ती घेण्यात संकोच कसला? तपासणी थांबू शकत असेल तर डॉक्टरच ईदनंतरची तारीख देतील. पण मलातून रक्त, विनाकारण घटणारे वजन अशी लक्षणे असतील तर ईदची वाट पाहू नये. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तर रेचक न घेता थेट रुग्णालय गाठावे.