काडतुसांचे पुनर्भरण : ०·३८ स्मिथ अँड वेसन

एकदा उडविलेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीत नवी प्रायमर टोपी, दारू व गोळी बसवून ती पुन्हा वापरण्याजोगी करण्याच्या क्रियेस पुनर्भरण म्हणतात. जुन्या रिव्हॉल्व्हरांची काडतुसे बाजारात क्वचित मिळत असल्याने अमेरिकेत ही क्रिया विशेष रूढ आहे. स्मिथ अँड वेसन कंपनीने १८७७ मध्ये प्रचारात आणलेले ०·३८ इंची काडतूस हे तिचे बोधप्रद उदाहरण होय. त्यावर आधारलेले काडतूस १९३० नंतरच्या दशकांत ब्रिटिश सैन्याच्या एन्फील्ड व वेब्ली रिव्हॉल्व्हरांत वापरले जाई.

मापे : नामसाम्यामुळे या काडतुसाची ०·३८ स्पेशल या नंतरच्या काडतुसाशी गल्लत होते. वस्तुतः दोन्ही भिन्न आहेत. जुन्या काडतुसाची पुंगळी १९·७ मिमी. लांब व बुडाशी सु. ९·८ मिमी. जाड असून गोळीचा व्यास ०·३६१ इंच असतो. स्पेशलची पुंगळी २९·३ मिमी. लांब, पण सु. ९·६ मिमी. जाड असून गोळी ०·३५७–०·३५८ इंच असते. बारीक गोळी जुन्या नळीतील सर्पिल खाचांत नीट बसत नाही. तिच्या कडेने वायू निसटतो व नेम चुकतो. म्हणून मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून तिच्यावर उमटलेले माप सूक्ष्ममापकाने घेतात व त्यानुसार गोळी निवडतात.

डाय : डायच्या संचात सामान्यतः तीन डाय असतात. पहिली फुगलेली पुंगळी मूळ मापावर आणून जुनी टोपी बाहेर काढते, दुसरी पुंगळीचे तोंड किंचित रुंदावते व तिसरी गोळी बसवून तोंड आवळते. स्पेशलची पहिली डाय जुन्या पुंगळीला अवाजवी आवळते. तिची दुसरी डायही बारीक गोळीच्या मापाची असल्याने तोंड पुरेसे रुंदावत नाही. त्यामुळे मोठी गोळी बसविताना पुंगळी फुगते किंवा गोळी खरवडली जाते. म्हणून याच काडतुसाचा संच घ्यावा लागतो.

पुंगळ्या : पुंगळीच्या पितळात सु. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. वारंवार ताणले व दाबले गेल्याने ते कठीण व ठिसूळ होऊन तोंडाशी तडकते. पाऱ्याचे संयुग असलेल्या जुन्या टोप्यांमुळेही पितळ ठिसूळ होते. हा दोष डोळ्यांना दिसत नसल्याने अशा पुंगळ्या टाकून देणे इष्ट असते. ब्रिटिश लष्करी पुंगळ्यांत बहुधा बर्डन पद्धतीची टोपी आढळते. तीत ऐरण पुंगळीतच असून बाजूला दोन छिद्रे असतात, त्यामुळे डायच्या सुईने टोपी निघत नाही. बॉक्सर पद्धतीत मधोमध एकच छिद्र असल्याने ती पुनर्भरणास सोयीची ठरते. बर्डन हे अमेरिकन व बॉक्सर हे ब्रिटिश असूनही अमेरिकेत मात्र बॉक्सर पद्धत रूढ झाली. स्पेशलची पुंगळी कापून आखूड केली, तरी ती जुन्या कोठीत सैल बसून फुगते व प्रसंगी फाटते.

सुरक्षितता : मधोमध मोडून उघडणारी अनेक जुनी रिव्हॉल्व्हरे काळ्या दारूच्या मंद दाबासाठी घडविलेली होती. धूरविरहित दारूचे वाढीव भरण त्यांच्या खिळींना झेपत नाही आणि सांगाडा निखळून वापरणाऱ्यास इजा होऊ शकते. यासाठी शस्त्राची तपासणी जाणकाराकडून करून घेतात व दारू आणि गोळीच्या उत्पादकांनी छापलेली कमाल मर्यादा ओलांडीत नाहीत. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना आवश्यक असल्याने ही क्रिया खाजगी छंद म्हणून मुक्तपणे करता येत नाही.