यूटोपियांतील एकत्र कुटुंब

ज्यास इतिहास आहे, कायदे आहेत, शहरें आहेत, परंतु जो पृथ्वीच्या पाठीवर कोठेंच नाहीं, अशा एका देशाच्या गृहव्यवस्थेचा परिचय आज आम्ही वाचकांस करून देणार आहों. ‘यूटोपिया’ हें त्या देशाचें नांव. सर टॉमस मोर या इंग्रज पंडितानें १५१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथांत तो निर्माण केला. या ग्रीक नांवाचा अर्थच मुळीं ‘नसलेलें ठिकाण’ असा आहे.

हा देश म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचें एक बेट. पूर्वीं तें मुख्य भूमीस जोडलेलें होतें. यूटोपस राजानें तें जिंकलें आणि १५ मैलांची जमीन खोदवून चोहोंकडून समुद्र आणला. या श्रमांत जितांस अपमान वाटूं नये म्हणून त्यानें आपले सैनिकहि त्यांच्या बरोबरीनें खोदकामास लावले. बेटावर ५४ शहरें आहेत. खासगी मालमत्ता नाहीं, दारांना कुलुपें नाहींत, आणि दर १० वर्षांनीं चिठ्ठ्या टाकून घरांची अदलाबदल होते. स्त्रीपुरुष सर्वांनीं दिवसांतून ६ तास काम करावयाचें. सोन्याची तर इतकी अवहेलना कीं, त्याचीं शौचपात्रें आणि गुलामांच्या बेड्या घडवितात.

आतां कुटुंबाकडे वळूं. मुली लग्न होऊन सासरीं जातात. मुलगे व नातू घरींच राहतात. सर्वांत वडील पुरुषाच्या आज्ञेंत घर चालतें. वार्धक्यानें त्याची बुद्धि क्षीण झाली, तर त्याच्या खालोखाल जो वडील असेल तो कर्ता होतो. शहरांतील कुटुंबांत प्रौढ माणसें १० हून कमी नसावींत आणि १६ हून अधिक नसावींत. अधिक झालीं तर कमी माणसांच्या घरीं तीं पाठवावयाचीं. ३० कुटुंबांची पंगत एकाच मोठ्या दालनांत बसते. तेथें उत्तम पदार्थ प्रथम वडिलांच्या ताटांत पडतात. हें वर्णन वाचतांना आपल्याच माजघरांत बसल्यासारखें वाटतें.

परंतु स्वयंपाक कोण करतो? पाळीपाळीनें कुटुंबांतील स्त्रियाच. आणि कष्टाचीं व हात मळविणारीं कामें? तीं गुलामांकडे! युद्धांत पकडलेले कैदी, शिक्षा झालेले गुन्हेगार आणि परदेशांतून आपण होऊन आलेले गरीब मजूर हे ते गुलाम होत. सणाच्या वेळीं पत्नीनें पतीपुढें व मुलांनीं आईबापांपुढें गुडघे टेकून आपले दोष कबूल करावयाचे. पतीनें पत्नीपुढें कांहीं कबूल करावें असा नियम मात्र आढळत नाहीं.

मोर हे कुटुंबवत्सल गृहस्थ होते. पुढें लंडनजवळ चेल्सी येथील त्यांच्या घरीं मुली, जावई, नातवंडें एकत्र नांदत. मुलींसहि त्यांनीं लॅटिन व ग्रीक शिकविलें. ग्रंथारंभींच्या पत्रांत ते लिहितात कीं, कामें आटोपून घरीं आलें म्हणजे पत्नीशीं, मुलांशीं, नोकरांशीं बोलावें लागतें. आपल्याच घरांत परकें व्हावयाचें नसेल तर हेंहि कामच समजलें पाहिजे. मग लिहिण्यास वेळ उरतो तो झोपेंतून व जेवणांतून चोरलेला.

अशा सहृदय पुरुषानेंहि कल्पनेच्या राज्यांतून मालमत्ता घालविली, कुलुपें घालविलीं, सोन्याचा मोह घालविला. पण उष्टीं काढणारा हात मात्र त्यास घालवितां आला नाहीं, आणि त्या हातास पंगतींत बरोबरीची जागाहि देतां आली नाहीं. कल्पनेस कोणाची आडकाठी नव्हती. आड आली ती केवळ संवय. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचा मान, भरल्या पंगतीचा आनंद यांचा आम्हांस अभिमान आहे व तो असावाच. तथापि पंगत उठल्यावर शेवटीं कोण जेवतें, आणि तिच्या पानांत काय उरलेलें असतें, एवढें प्रत्येक कर्त्या पुरुषानें एकदां स्वयंपाकघरांत डोकावून पाहावें. घराची खरी परीक्षा तेथेंच होते.