नाईक : हुद्द्याचे झाले आडनाव

नवापूर किंवा अक्कलकुवा भागातल्या कोणत्याही शाळेचे हजेरीपत्रक उघडा. गावित, वसावे, पाडवी, वळवी यांच्या जोडीला एक आडनाव पुष्कळदा दिसेल, ते म्हणजे नाईक. आता हेच आडनाव घेऊन पुसदला जा, बारामतीला जा, गोव्यात जा. तिथेही नाईक आहेतच. मग ही सारी मंडळी एकाच कुळातली का? मुळीच नाही. नाईक हे मुळात कुळाचे नाव नव्हे, तो हुद्दा आहे.

संस्कृतात ‘नी’ म्हणजे नेणे. दहा जणांना जो पुढे नेतो तो नायक. बोलता बोलता ‘य’चा ‘ई’ झाला आणि नायकाचा नाईक झाला. ज्या ज्या समाजात पुढारी होते, तिथे तिथे हा शब्द पोचला. बंजाऱ्यांच्या तांड्याचा प्रमुख तो नाईक. फलटणचे निंबाळकर नाईक-निंबाळकर म्हणवतात. पेशवाईत मोठ्या सावकारालाही नाईक म्हणत. कवी मोरोपंतांना आश्रय देणारे बारामतीचे बाबूजी नाईक सावकारच होते. सैन्यातही हा शब्द आहे. १९४४ साली इटलीच्या रणांगणावर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे आपल्याला ठाऊक आहेत. इथे आडनाव घाडगे, आणि नाईक हा पलटणीतला हुद्दा.

आता आपल्या सातपुड्याकडे वळू. खानदेशात भिल्लांच्या टोळीचा जो म्होरक्या, तो नाईक. डोंगरातली वाट सांभाळायची, घाटातून जाणाऱ्या-येणाऱ्याची राखण करायची आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घ्यायचा, असा हा कारभार असे. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. नाईकांशी आधी लढाया झाल्या, मग तनखे देऊन समेट झाला. १८२५ साली औट्रम या अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली. तिचे ठाणे धरणगावास होते. तरीही सारे काही शांत झाले नाही. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारे खाज्या नाईक १८५७ सालच्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. त्यांच्या नावातला ‘नाईक’ हा मान होता, माणसाच्या कर्तबगारीची खूण होती.

मग हुद्द्याचे आडनाव कसे झाले? डोंगरात माणसाची ओळख त्याच्या नावाने, बापाच्या नावाने आणि गावाने पटत असे. तिथे आडनाव लागत नसे. पुढे जमिनीचे कागद आले, शाळा आल्या. कारकुनाला आणि मास्तरांना नाव, बापाचे नाव आणि आडनाव अशी तीन नावे हवी होती. आजा नाईक होता, तेव्हा तिसऱ्या जागी ‘नाईक’ लिहिले गेले. नातवाकडे ना घाट उरला, ना टोळी. पण शब्द राहिला. पुढे नवापूरचे आमदार आणि राज्याचे मंत्री झालेल्या सुरूपसिंग नाईकांचे आडनाव हेच.

विलायतेतही असेच घडले बरे का! स्कॉटलंडात राजवाड्याचा कारभार पाहणारा तो ‘स्ट्युअर्ड’. हे काम एका घराण्यात वंशपरंपरा चालले आणि शब्द आडनाव होऊन ‘स्ट्युअर्ट’ झाला. १३७१ साली त्याच घराण्यातला पुरुष राजा झाला, आणि गादीवर बसूनही आडनाव कारभाऱ्याचेच राहिले!

शिक्षकबंधूंनो, ही नुसती गंमत नाही. आडनावावरून जात ओळखायला गेलात तर नाईक तुम्हांला हमखास फसवील. एकाच वर्गात भिल्ल नाईक, गावित नाईक आणि बंजारा नाईक शेजारी शेजारी बसलेले असू शकतात. त्यात आणखी एक खुबी आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘नायकडा’ किंवा ‘नायका’ नावाची एक वेगळीच जमात आहे. म्हणून ‘नाईक’चे ‘शुद्ध’ रूप म्हणून कोणी ‘नायक’ लिहिले, की घोटाळा सुरू झाला. शिवाय पावरा, वसावे, पाडवी हे शब्द आडनावे म्हणून चालतात आणि त्या यादीतही आहेत. नाईक मात्र तसा नाही.

जमातींची ही यादी ६ सप्टेंबर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने झाली. मुलगा मोठा होऊन वैद्यकीच्या प्रवेशाला किंवा नोकरीला गेला, की जातपडताळणी समिती घरातले जुने दाखले मागते. त्या वेळी आज्याच्या शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ फार मोलाची ठरते. ती ओळ कोण्या मास्तरांनी घाईत लिहिलेली असेल, तर नातवाला कचेरीचे खेटे घालावे लागतात.

तेव्हा दाखल करतेवेळी पालकांना बसवून विचारा. ते उच्चारतील तसेच आडनाव लिहा, आणि जमात वेगळ्या रकान्यात त्यांच्या सांगण्याप्रमाणे, कागद पाहून लिहा. बापाच्या दाखल्यावर ‘नाईक’ असेल तर मुलाच्या दाखल्यावर ‘नाइक’ नको, ‘नायक’ही नको. आणि पालकहो, लिहिलेले तिथल्या तिथे वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा म्हणा. त्यात कमीपणा काही नाही.